रेडी म्हटल्याशिवाय नाही

‘रेडी’ न म्हणता फोटो काढणारा माणूस आणि खिसेकापू यांच्यात मामा फारसा फरक मानत नसत. झालाच तर खिसेकापू बरा म्हणायचे. तो पैसे काढून घेऊन पाकीट तरी गटाराच्या कडेला टाकून देतो.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर, पिठाच्या गिरणीला आणि मसाल्याच्या दुकानाला खेटून त्यांचा फोटो स्टुडिओ होता, आणि ते सगळ्या चाळीचेच मामा होते. मूळचे मालवणकडचे. एरवी बोलणं मुंबईचं, पण रागावले किंवा गहिवरले की मालवणी बाहेर यायची. शेजारी मिरची कुटायला घेतली की गिऱ्हाईक नेमकं ‘रेडी’ला शिंकायचं. मामा थांबायचे, त्याला पाणी द्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे: एका बोटाने हनुवटी वर, खांदे खाली, कोटाची कॉलर सारखी. मग दिव्यामागे जाऊन विचारायचे, ‘रेडी?’ आणि खरोखरच उत्तराची वाट बघायचे.

स्टुडिओत कोट एकच होता. पाठीकडून उभा चिरलेला, नाड्या लावलेला, त्यामुळे तो पैलवानालाही बसायचा आणि मॅट्रिकच्या पोरालाही. आमच्या भागातल्या एका अख्ख्या पिढीचे फोटो मांडून पाहा, कोट तोच दिसेल, फक्त वरची डोकी वेगळी. मागचा पडदाही एकच. त्यावर निळं तळं, तळ्यात दोन राजहंस आणि काठाला एक संगमरवरी जिना रंगवलेला होता. जिना वर जाऊन कुठेच पोचत नव्हता. माझ्या नोकरीच्या अर्जावरचा फोटो त्याच कोटातला आणि त्याच राजहंसांपुढचा. नोकरी मिळाली, म्हणून मी कोटाला काही बोलत नाही.

एकदा स्थळासाठी फोटो काढायला एका मुलीला तिचे वडील घेऊन आले. मामांनी ‘रेडी?’ म्हटलं आणि मुलगी म्हणाली, ‘नाही.’ मामांनी दिवा मालवला, बाहेर येऊन वडिलांना सांगितलं, ‘पोरगी रेडी नाय,’ आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला आत घेतलं. वडील भांडभांड भांडले. मामा म्हणाले, ‘फोटो आपण घ्यायचा नसतो, समोरच्याने द्यायचा असतो.’

कापड गिरण्यांचा संप भरात होता तेव्हाची त्यांची गोष्ट तर चाळीत अजून सांगतात. कुठल्याशा गिरणीच्या ऑफिसातला एक माणूस त्यांच्याकडे आला. गेटवर रोज कोण कोण जमतं त्याचे फोटो त्याला हवे होते, गुपचूप. मामा नाही म्हणाले नाहीत. कॅमेरा गळ्यात घालून ते गेटसमोर जाऊन उभे राहिले आणि खणखणीत आवाजात ओरडले, ‘ऑफिसात द्यायचा फोटो आहे! ज्यांना यायचंय त्यांनी थांबा, बाकीचे बाजूला व्हा! रेडी?’ पळापळ झाली. फोटोत आले ते एक चणेवाला आणि गेटवरचा कुत्रा. दोघेही छान आले होते. मामांनी तो फोटो ऑफिसात पोचवला, आणि चणेवाल्यानेही एक प्रत मागून घेतली.

अशा माणसाला मी पक्ष्यांचे फोटो काढायला नेलं. माझ्या अकलेचा अंदाज वाचकांना इथेच आला असेल.

मी तेव्हा फोर्टमधल्या एका विमा कंपनीत कारकून होतो आणि मला पक्ष्यांचा नाद लागला होता. नाद म्हणजे ज्ञान नव्हे. झाडांत मिसळून जावं म्हणून मी दादरहून हिरवा शर्ट आणि हिरवी टोपी आणली होती. लालबागला झाडं किती, याचा विचार खरेदीच्या वेळी सुचला नाही. सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून निघालो की नळावरून हाक यायची, ‘पोपट निघाला रे!’

पण मिसळायला एक जागा होती. चाळीमागची गिरणी संपात बंद पडली ती पुन्हा नीट सुरू झालीच नाही. माझे वडील तिथे कापड विणायच्या साच्यावर होते. भोंगा थांबला तरी ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठून बसायचे आणि मग काय करायचं हे न कळून पुन्हा आडवे व्हायचे. आत भिंतींतून पिंपळ फुटले, कापसाच्या गोदामावर वेल चढले, गिरणीच्या तळ्याभोवती कमरेइतकं गवत वाढलं. राखणदार वडिलांच्या खात्यातला जुना माणूस होता, तो मला आत सोडायचा. वडिलांची रोजी गेली तिथे मला छंद सापडला. वडिलांनी एकदाच विचारलं, ‘काय असतं रे आत आता?’ मी उत्साहाने पक्ष्यांची नावं सांगत सुटलो, आणि ते ‘बरं बरं’ म्हणून वर्तमानपत्र वाचू लागले.

मामांना बरोबर घेतलं ते त्यांच्या लेन्ससाठी. गणपतीची मिरवणूक माडीवरून टिपता यावी म्हणून त्यांनी चोरबाजारातून एक लांबलचक लेन्स आणली होती. चाळीत तिला तोफ म्हणत. संपानंतर स्टुडिओत शुकशुकाट होता, मामांना वेळ होता. तोफेला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना खपत नसे. एकदा मी फारच गळ घातली म्हणून त्यांनी ती मला दिली. रोल धुऊन आल्यावर माझ्या प्रत्येक फोटोत पक्ष्याच्या जागी वादळ दिसत होतं. तेव्हापासून वाटणी ठरली. शोधायचं मी, काढायचं त्यांनी.

आणि मामा काढायचे कसे? खंड्या तळ्यातल्या खांबावर येऊन बसे. मामा तोफ रोखत, नीट जुळवून घेत आणि मोठ्याने म्हणत, ‘रेडी?’ खंड्या कुर्ल्याला पोचलेला असे. धोबी, बुलबुल, सातभाई, सगळ्यांनी मामांना हेच उत्तर दिलं. मी कपाळावर हात मारायचो. मामा म्हणायचे, ‘त्याला नको होता फोटो. जबरदस्ती आहे काय?’

एक वंचक बगळा तेवढा हलला नाही. गवतात मान आखडून ढिम्म बसून राहिला. ‘शिस्तीचा प्राणी आहे,’ मामा म्हणाले. पण पुढे त्यांच्यातला स्टुडिओवाला जागा झाला. वंचक मातकट रंगाचा, पायाला चिखल. मामांनी निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करून त्याला गोरा केला, चिखल पुसला आणि चोच जराशी नीटस केली. मी तो फोटो दादरच्या आमच्या पक्षिमंडळात नेला. मंडळ रविवारी एका शाळेच्या वर्गात जमायचं. आमचे अध्यक्ष, एक निवृत्त प्राध्यापक, पुस्तक उघडून कितीतरी वेळ त्या फोटोशी ताडत बसले. शेवटी म्हणाले, ‘हा पक्षी भारतात नाही.’

मामांना पक्ष्यांची नावं पाठ होत नसत. त्यांची स्वतःची विभागणी होती. कावळा जनरल शिफ्ट. वटवाघूळ तिसरी पाळी, आणि ते पक्षी नाही असं मी सांगितलं तर ‘कामावर येतंय ना?’ परगावाहून काही दिवसांपुरते येणारे पक्षी म्हणजे बदली. बदली कामगार रोज गिरणीच्या गेटवर येऊन उभा राहायचा आणि कोणाचा खाडा असेल तरच आत घेतला जायचा. ‘बदलीला नाव विचारायचं नसतं,’ मामा म्हणायचे. ‘आला, चार दिवस राबला, गेला.’

असाच एक बदली मे महिना संपता संपता आला. गोदामाच्या मागे, जांभळीखालच्या पाचोळ्यात. आधी दोन सुरांची शीळ ऐकू आली आणि मग पानांआडून तो क्षणभर दिसला. हिरवी पाठ, पंखावर निळा तुकडा, पोटाखाली लाल, डोळ्यावरून काळी पट्टी, शेपूट जणू शिंप्याने कापड वाचवलेलं. नवरंग! लोक त्याच्यासाठी जंगलात दिवस दिवस बसतात, आणि तो झुडपाखाली जमिनीवरच फिरत असल्यामुळे हात हलवत परत येतात. तो लालबागला, आमच्या चाळीमागे!

मी ही बातमी मंडळात जरा जास्तच थाटात सांगितली. अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, ‘कोंबडी असेल. शिमग्याचा रंग राहिला असेल अंगावर.’ वर्ग हसला. ‘फोटो आणा,’ ते म्हणाले, ‘मग बोलू.’ मी भर वर्गात सांगितलं की फोटो आणीन तेव्हाच या वर्गाची पायरी चढेन. असं बोलल्यावर उठून जायचं असतं म्हणून उठून गेलो, आणि छत्री तिथेच राहिली. ती आणायलाही आता नवरंगाचा फोटो लागणार होता.

राखणदार म्हणाला, ‘जे करायचं ते यंदाच करा. जागा साफ करणार म्हणतात.’ तसं दरवर्षीच म्हणत असत, म्हणून मामांनी मनावर घेतलं नाही. पण माझी झोप उडाली. अडचण मामांच्या तोंडाची होती. मी त्यांना स्टुडिओत बसवून सराव सुरू केला. समोर मी बसायचो, त्यांनी न बोलता माझा फोटो काढायचा. मामा तोंड घट्ट मिटून कॅमेऱ्यामागे उभे राहायचे. कपाळाला घाम फुटायचा, बोट बटणावर टेकायचं, पण दाबलं जायचं नाही. ‘नाय जमत रे,’ ते म्हणाले, ‘चोरी केल्यासारखं वाटतं.’ शेवटी ठरलं की तोंडात पानाचा मोठा तोबरा भरून ठेवायचा, म्हणजे ‘रेडी’ला आत जागाच उरणार नाही.

दुसरं भांडण लपण्याचं. मी म्हटलं, आपण एखाद्या पडद्याआड बसू. मामांनी दुसऱ्या दिवशी राजहंसांचा पडदा खांद्यावर टाकून आणला आणि गोदामाच्या दोन खांबांना बांधला. मग त्याच्यापुढे येऊन म्हणाले, ‘हं, बस.’

‘मामा, पडद्याच्या मागे बसायचं असतं!’

‘मागे बसतो तो चोर. गिऱ्हाईक पुढे बसतं.’

त्यांचं म्हणणं, उघड्यावर माणसाचा आकार उठून दिसतो, मागे चित्र असलं की माणूस त्यात मिसळतो. हा शोध त्यांना चाळीस वर्षं स्टुडिओत बसून लागला होता. मी वाद घातला नाही, कारण लेन्स त्यांची होती. मी राजहंसांपुढे गवतात बसलो. मामा तोफ घेऊन पलीकडे तळ्याच्या कठड्याआड गेले, तिथून पाचोळा नीट दिसत होता. राखणदार येऊन एकदा हे दृश्य बघून गेला.

किती सकाळी आम्ही असे बसलो आणि डासांनी आम्हाला किती खाल्लं, ते सांगत नाही. पण एके दिवशी उजाडल्या उजाडल्या शीळ आली, अगदी जवळून. पानं हलली. नवरंग पाचोळ्यातून टुणटुण उड्या मारत उघड्यावर आला, आणि येत येत माझ्या पायांपासून दोन हातांवर येऊन थांबला. त्याने एक पान उलटलं. खालचा किडा खाल्ला. शेपूट वरखाली करत माझ्याकडे पाहिलं. त्याच्यावर नुकतंच कोवळं ऊन आलं होतं आणि त्याचे सगळेच्या सगळे रंग मला दिसले. मी छत्री विसरलो, अध्यक्ष विसरलो, हे कशासाठी चाललंय तेही विसरलो. तेवढ्यात कठड्यामागून ‘खट्’ असा आवाज आला. नवरंग भुर्रकन वेलींत गेला.

‘रेडी’ ऐकू आलं नव्हतं! मी धावत गेलो. ‘काढलात? मामा, काढलात?’ तोबऱ्यामुळे मामांना बोलता येत नव्हतं. त्यांनी मान डोलावली. डोळे भरून आले होते. मी त्यांना मिठी मारली, आणि पानाची पिंक माझ्या हिरव्या शर्टावर कायमची बसली.

रविवारी मी मंडळात निघालो तेव्हा मामांनी एक मोठं पाकीट हातात ठेवलं. ‘मोठा करून दिलाय. आजवर इतका चांगला फोटो माझ्या हातून निघाला नाय. घरी जाऊन बघ.’ शहाण्याने घरी जाऊन बघितला असता. मला तो सगळ्यांसमोरच उघडायचा होता. अध्यक्षांच्या टेबलापुढे उभा राहून मी दोन शब्दही बोललो, ‘शंका घेणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही’ वगैरे. मग फोटो बाहेर काढून वर्गाकडे धरला. वर्ग बाकं वाजवून हसायला लागला. मी फोटो माझ्याकडे वळवून पाहिला.

फोटोत मी होतो. टोपी एका कानावर, तोंड उघडं, इतकं की पडजीभ दिसावी. नाकावर डास. मागे तळं, दोन राजहंस आणि कुठेच न जाणारा जिना.

अध्यक्ष फोटो हातात घेऊन निरखत म्हणाले, ‘हा तर स्टुडिओत काढलाय.’ छत्री मात्र त्यांनी स्वतः आणून दिली.

मी तडक लालबागला आलो. मामा कोटाच्या नाड्या बदलत होते. माझ्या तोंडून जे निघायचं ते निघालं. एवढे दिवस डासांना रक्त दिलं ते कशासाठी, त्यांच्यामुळे माझं नाक कापलं गेलं, आणि एवढं करून न विचारता फोटो काढला तो माझाच! मामांनी सगळं ऐकून घेतलं.

‘तेवढी चूक झाली,’ ते म्हणाले. ‘विचारलं नाय. माफ कर.’

‘अहो, पण नवरंग समोर होता! तुमच्या लेन्समध्ये होता!’

‘होता ना. बोट ठेवलं होतं. मग म्हटलं, हा काय बघतोय ते बघू, म्हणून लेन्स वर केली.’ मामांनी कोट खुंटीला लावला. ‘संप झाल्यापासून माझ्यासमोर कोण बसतं? वॉचमनच्या अर्जाचा फोटो, गावी जाण्याआधीचा फोटो, गेलेल्या माणसाचा मोठा करून. मी रेडी म्हटलं की तोंड मिटतात. सगळ्यांची तोंडं सारखीच. तुझं उघडं होतं. रेडी म्हटलं असतं तर तेही उडालं असतं.’ मग मालवणी आली. ‘तो येतलो रे फुडल्या वर्साक. बदली तो. पण तुझा ह्या तोंड परत गावाचा नाय.’

पक्षी परत येईल पण माझं ते तोंड परत सापडणार नाही, यातलं मला काही पटलं नाही. मी म्हटलं, निदान हा फोटो कोणाला दाखवू नका. त्यांनी तो नवरा-नवरीच्या फोटोंच्या मधोमध शोकेसमध्ये लावला. माझं लग्न होईपर्यंत आणि त्यानंतरही तो तिथेच होता. पोपट हे नाव मागे पडलं आणि मी ‘आ’ झालो.

पुढल्या मे महिन्यात आम्ही रोज कान देऊन बसलो. मामा म्हणायचे, ‘आज खाडा.’ त्याच दिवाळीनंतर यंत्रं आली. गवत, वेल, जांभळी, गोदाम, सगळं गेलं, तळं भरून टाकलं. त्यानंतरच्या मे महिन्यात मी आणि मामा गॅलरीतून त्या सपाट जागेकडे बघत उभे होतो. मी उगीच म्हटलं, ‘येईल का हो?’ मामा म्हणाले, ‘गेटच रवला नाय, तर बदली येतलो खय?’ गेटच उरलं नाही तर तो येणार कुठे! नंतर आम्ही त्याची वाट पाहणं सोडलं. वडील आमच्या मागेच उभे होते, हे मला नंतर कळलं.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. स्टुडिओ बंद करताना मामांनी तो फोटो मला दिला. मी तो पोटमाळ्यावर टाकणार होतो, पण बायकोने तो बाहेरच्या खोलीत लावला. नवरंगाचे फोटो आता माझ्याकडे ढिगाने आहेत. नवा कॅमेरा खटाखट काढत सुटतो, त्याला ना विचारावं लागतं, ना माझे हात हलले तर कळतं. ते मी कधी उघडूनही बघत नाही. पाहुणे भिंतीवरचा फोटो बघून विचारतात, ‘यात पक्षी कुठाय?’ बायको म्हणते, ‘पक्षी सोडा. असं तोंड मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नाही.’

पस्तीस वर्षं माझ्या छंदाला नावं ठेवून ती गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा माझ्याबरोबर जंगलात आली. डब्यात पोहे, डोक्याला ओढणी, आणि ‘घरी पंखा तरी होता’ हे पालुपद. बांबूच्या बेटापाशी बसलो असताना ती एकदम गप्प झाली. मी पाहिलं तर नवरंग उघड्यावर आला होता, अगदी समोर. मी कॅमेरा उचलला, बोट ठेवलं, आणि सहज तिच्याकडे नजर गेली.

तिचं तोंड उघडं होतं. पोह्यांचा चमचा हवेत तसाच. साठीची बाई, पण लग्नाआधी मी तिला तिच्या नकळत पाहिलं असतं तर ती अशी दिसली असती, असं मला वाटलं. मामांची फार आठवण आली. मी कॅमेरा नवरंगावरून हळूच काढला आणि तिच्यावर धरला. ढीगभर फोटो नको होते, एकच हवा होता. आणि बोट दाबणार, तोच माझ्याच तोंडून मोठ्याने निघालं, ‘रेडी?’

नवरंग उडाला. बायको सावरून बसली. चमचा डब्यात ठेवला, ओढणी सारखी केली, ओठ मिटले, मान किंचित वर केली. मी बटण दाबलं.

तिने कॅमेरा हातात घेऊन मागच्या काचेत स्वतःला नीट पाहून घेतलं.

‘बरा आलाय,’ ती म्हणाली. ‘पासपोर्टला चालेल.’